एकट्यानं लांब फिरायला पिकअपवर घर: सोलापूरच्या उन्हात टिकेल असा डबा कसा बांधायचा

सध्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या शेडवर येणारे बरेचजण एकच विचारायलेत, की दादा पिकअपवर राहण्याचा डबा बांधून मिळेल का, दोन-तीन महिने एकट्यानं फिरायचंय. आणि मग मोबाईलवर परदेशातल्या कुणाच्या तरी गाडीचा फोटो दाखवतात, त्यात ओव्हन, शॉवर, सोफा, सगळं. फोटो छानच असतो, पण ती गाडी वेगळी, तिथलं ऊन वेगळं आणि बहुतेक वेळा त्यात राहणारे दोघं असतात. माणूस एकटा असला की सगळा हिशोबच बदलतो. डब्यातली प्रत्येक वस्तू एका माणसाला उचलता आली पाहिजे, आतून उघडता आली पाहिजे आणि रस्त्याच्या कडेला एकट्याला सोडवून परत बसवता आली पाहिजे. खाली जे काही सांगायलोय ते सगळं या एकाच मापावर घासून बघितलेलं आहे.

आधी गाडी. टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, त्याचा हौदा २२०० बाय १४९० मिलिमीटर, म्हणजे सव्वासात फूट लांब आणि पावणेपाच-पाच फूट रुंद, सहा फुटी माणूस त्यात लांबीनं आरामात झोपतो. गल्लीबोळात जाते, पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात, पण घाटात भरल्या वजनानं दम लागतो. बोलेरो पिकअपचा हौदा मॉडेलप्रमाणे आठ ते दहा फूट, वजन उचलायची ताकद भरपूर, आणि लडाखपासून कन्याकुमारीपर्यंत तिचा मेकॅनिक सापडतो. लांबच्या एकट्या प्रवासाला माझं मत बोलेरो पिकअपलाच. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स खाजगी नंबर प्लेटवर मिळतात, चालवायला मस्त, पण डबल केबिनमुळे हौदा जेमतेम पाच फुटाचा, मग झोपायची जागा केबिनवर न्यावी लागते आणि वजन डोक्यावर चढतं. हातात आधीच ती गाडी असेल तर ठीक, डब्यासाठी म्हणून मुद्दाम घेऊ नका.

आता कागदाचं, हे वाचून मगच वेल्डरला ॲडव्हान्स द्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलंय. गाडीचंच कायमचं घर करायचं तर ती मोटार कॅरॅव्हॅन होते, त्याला एआयएस-१२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, आणि एकेका माणसानं शेडमध्ये बांधून त्या मंजुरीच्या मागं लागणं परवडत नाही. म्हणून आम्ही डबा चेसिसला वेल्ड करतच नाही. हौदा, फाळके म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या बाजू, सगळं कंपनीचं तसंच ठेवायचं, डबा वेगळा बांधायचा आणि तो हौद्यात ठेवून घट्ट आवळायचा, काढला की गाडी पहिल्यासारखी मालाची गाडी. तरी काम सुरू करायच्या आधी ड्रॉइंग घेऊन आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, ॲक्सिडेंट झाल्यावर सांगण्यात काही अर्थ नसतो.

पिवळ्या प्लेटची, म्हणजे मालाच्या गाडीच्या नंबर प्लेटची, भीती घालणारे लय भेटतील. भरलेल्या वजनासकट गाडी ३००० किलोच्या आत बसणारी असेल तर कलम ६६ प्रमाणे मालाच्या गाडीला परमिट लागत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलंय की साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट मात्र चुकवायचं नाही, नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. आणि मालाच्या गाडीत हौद्यात माणूस बसवायचा नाही, गाडी चालू असताना डब्यात कुणीही नको, रस्त्यात भेटलेला मित्र असला तरी नको.

आता खरं काम, वजन. गाडी रिकामी घेऊन जायची ती थेट हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डाकडं, कांद्याच्या गाड्यांसाठी त्या भागात वजनकाटे आहेत. टाकी फुल्ल, ड्रायव्हर आत, असं एकदा पूर्ण वजन आणि एकदा फक्त मागची चाकं काट्यावर चढवून मागच्या एक्सलचं वजन. दोन्ही पावत्या जपून ठेवा. आरसीवरच्या भरलेल्या वजनातून हे वजा केलं की खरा शिल्लक आकडा मिळतो, कॅटलॉगातल्या पेलोडवर विसंबायचं नाही कारण त्यात तुम्ही नसता. जे शिल्लक राहील त्याच्या निम्म्यातच सगळं बसवायचं असं मी सगळ्यांना सांगतो, कारण विटा भरल्या तर वजन हौद्याच्या तळाला बसतं, डब्याचं वजन मात्र सहा फूट उंच असतं आणि वळणावर ते गाडीला कलवतं.

आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, सहा फूट उंच असा डबा धरू. २५ बाय २५ चा चौकोनी पाइप, १६ गेजचा, मीटरला सव्वा किलोच्या आसपास बसतो, दर दोन फुटांवर उभे धरले तर साठेक मीटर लागतो म्हणजे ७०-७५ किलो. बाहेरून ३ मिलिमीटरचं एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमचं थरांचं पॅनल, लावलं तर ८५ किलोच्या आसपास, मधे उष्णता अडवायला २५ मिलिमीटरचं कडक एक्सपीएस फोम पंधरा किलो, आतून ४ मिलिमीटरचा प्लाय पन्नासेक किलो, खाली १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय तीसेक किलो. झाला अडीचशे किलोचा रिकामा डबा. हेच कुणी सवयीप्रमाणे दीड इंची पाइप, सगळीकडं १८ मिलिमीटरचा प्लाय आणि वर सनमायका असं केलं की साडेचारशे-पाचशे कुठं गेले कळत नाही, ८ बाय ४ ची १८ मिलिमीटरची एक शीटच ३५ किलोच्या पुढं जाते. घरातलं कपाट करणारा सुतार आणि गाडीतलं कपाट करणारा सुतार यांचे हात वेगळे असतात, चांगला सुतारसुद्धा गाडीत मजबुतीच्या नादात लाकूड वाढवत जातो, तिथं शेजारी उभं राहून अडवावं लागतं.

फ्रेम बांधताना सगळे जोड आधी टाके मारून उभे करा, कर्णाची मापं दोरीनं तपासा आणि मगच पूर्ण वेल्ड. पत्रा चढवायच्या आधी रेड ऑक्साइडचा हात प्रत्येक जोडाला फिरला पाहिजे, विशेषतः खालच्या बाजूला, एकदा पॅनल बसलं की तिथं कुणाचा हात जात नाही. छपराला मागच्या बाजूला इंचभर उतार द्या. पॅनल फ्रेमला पीयू सीलंटनं, म्हणजे सुकल्यावरही लवचीक राहणाऱ्या चिकट मसाल्यानं, चिकटवा आणि स्टीलचे स्क्रू कमीत कमी मारा, प्रत्येक भोक म्हणजे पावसाला दिलेलं आमंत्रण. साधं सिलिकॉन नको, गाडी हलते-पिळते, ते सुटतं आणि त्यावर रंगही बसत नाही. एसीपीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा, त्याच्या मधल्या थरात प्लॅस्टिक असतं आणि ते पेटतं. म्हणून शेगडीच्या मागं आणि बाजूला हवेची फट सोडून स्टीलचा पत्रा लावायचाच.

हौद्यात डबा बसवताना खाली जाड रबरी मॅट, पुढं आणि बाजूला सागवानी ठोकळे म्हणजे ब्रेक मारला की डबा पुढं सरकणार नाही, आणि चार कोपऱ्यांवर चार टर्नबकल, म्हणजे फिरवून आवळायचे हूक. ते हौद्याच्या पातळ पत्र्याच्या कडेला अडकवायचे नाहीत, खालच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे हौद्याखालच्या जाड आडव्या पट्टीला, पोचले पाहिजेत. डबा उतरवण्यासाठी चार पाय करा, पाइपात पाइप आणि खाली स्क्रू जॅक. पाय हौद्याच्या आणि मागच्या चाकांच्या बाहेर पडतील इतके लांब ब्रॅकेट ठेवा, म्हणजे डबा पायांवर उभा राहिला की गाडी त्याच्या खालून पुढं निघते. एकट्यानं उतरवताना एका कोपऱ्याला एकदम उचलायचं नाही, चारीकडं फिरत फिरत थोडं थोडं. वेळ लागतो, पण दुसऱ्या माणसाची गरज पडत नाही. डबा मागं हौद्याबाहेर फार काढू नका. नियमाप्रमाणे मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या मागं निघणारी लांबी, व्हीलबेसच्या म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांच्या आत लागते आणि तसंही मागं लोंबणारं वजन पुढच्या चाकांची पकड कमी करतं, स्टेअरिंग हलकं लागायला लागलं की समजायचं.

आता ऊन. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२-४३ काही नवीन नाही, आणि बंद पत्र्याचा डबा दुपारी दोनला सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभा केला तर आत माणूस बसूच शकत नाही. लोक पहिला प्रश्न एसीचा विचारतात, मी म्हणतो आधी ऊन आत येऊच देऊ नका. छपरावर पांढरा उष्णतारोधक रंग, तोच जो हल्ली गच्चीला मारतात. सोलर पॅनल छपराला चिकटवायचं नाही, दोन इंच उचलून बसवायचं, म्हणजे पॅनलच दुसरं छप्पर होतं आणि मधून वारा वाहतो. लोखंडी पाइप बाहेरची उष्णता थेट आत आणतो, फोम कितीही भारी घातला तरी, म्हणून आतला प्लाय मारण्याआधी पाइपावर फोमची पातळ पट्टी चिकटवा, स्वस्तातलं काम आहे आणि भिंतीला हात लावला की फरक कळतो. खालच्या बाजूला सावलीकडं एक झडप, वर विरुद्ध बाजूला १२ व्होल्टचा एक्झॉस्ट, गरम हवा वरनं बाहेर आणि गार हवा खालनं आत.

आणि आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते याचा फायदा घ्या की. त्या खालच्या झडपेला वाळ्याचा पडदा लावा, पाणी शिंपडा आणि वरचा एक्झॉस्ट चालू करा, सोलापूर, विजयपूर, कलबुर्गी, थेट राजस्थानपर्यंत हे उत्तम चालतं. वाळा नसला तर सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही दुकानात मिळणारा जाड टेरी टॉवेल ओला करून टांगा. कोकणात किंवा केरळात गेल्यावर मात्र हे बंद करायचं, तिथली हवा आधीच दमट, आत फक्त बुरशी वाढेल, तिथं नुसता वारा पाहिजे.

वीज. हिशोब वॅट-तासात करा, अंदाजानं नको. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा २५ वॅटचा, रात्रभर दहा तास म्हणजे २५०. दिवे ४०-५०. लॅपटॉप मोबाईल दोनशेच्या आत. इथपर्यंत पाचशे. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ठेवला तर आपल्या उन्हाळ्यात दिवसाला आणखी पाचशेच्या आसपास जातात. लिथियम फॉस्फेटची १०० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास, म्हणजे फ्रिजसकट एक दिवस आणि फ्रिज नसेल तर दोन दिवस ढगातसुद्धा निघतात. ३३० वॅटचं एक पॅनल, साधारण दोन मीटर बाय एक मीटर, छपरावर आडवं, दिवसाला हजार-बाराशे वॅट-तास देतं. पॅनल तापलं की कमी वीज देतं, २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला अर्ध्या टक्क्यापेक्षा थोडं कमी, आपल्याकडं पॅनल दुपारी ६५ अंशांपर्यंत सहज तापतं, म्हणजे पंधरा टक्के गेलेच, खालून वारा खेळता ठेवायचं हे दुसरं कारण. घराच्या छपरावरची पॅनल ४० व्होल्टच्या वर जातात, त्यामुळं पॅनल आणि बॅटरीच्या मधला कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचाच घ्या, तो जास्तीचे व्होल्ट बॅटरीला चालतील इतके उतरवतो, आणि त्याची व्होल्टची मर्यादा बघून घ्या.

मला विचाराल तर एकट्या माणसानं फ्रिज घेऊच नये. फ्रिज काढला की बॅटरी निवांत, वजन कमी आणि बिघडणारी एक वस्तू कमी. आणि आपल्या जिल्ह्याला फ्रिजशिवाय प्रवास करणं कुणी शिकवायची गरज नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा, लसूण, गूळ, हे घेऊन कुठंही जाता येतं. कडक भाकरी कोरड्या डब्यात बरेच दिवस टिकते, फक्त पावसाळी प्रदेशात घट्ट झाकणाचा डबा पाहिजे. दूध-दही-भाजी रोजची रोज गावातून घ्यायची, त्या निमित्तानं चार माणसांशी बोलणंही होतं, एकट्या प्रवासात तेही लागतं.

वायरिंगमध्ये कंजूषी नको. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतराच्या आत मेन फ्यूज, त्याच्यापुढं प्रत्येक लाईनला वेगळा फ्यूज. १२ व्होल्टला करंट जास्त असतो, ५०० वॅटचा इन्व्हर्टर चालला तरी ४० अँपिअरच्या वर ओढतो, त्याला घरातली दीड स्क्वेअरची वायर वापरली तर ती पेटते, १६ स्क्वेअर एमएमची घ्या आणि लांबी कमीत कमी ठेवा. इंडक्शन शेगडीचा विचार सोडा. गाडीच्या डायनामोवरून बॅटरी चार्ज करायची असेल तर मधे डीसी-डीसी चार्जर लागतो, थेट वायर जोडायची नाही. लडाख, स्पितीला जायचं असेल तर लिथियम बॅटरी डब्याच्या आत ठेवा, शून्य अंशाच्या खाली ती चार्ज केली तर कायमची खराब होते. आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावर मराठीत लिहून ठेवा कुठला फ्यूज कशाचा, रात्री दोनला अंधारात तुम्हाला विचारायला दुसरं कुणी नसणार.

गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर बरा, इंडियन ऑइलचा छोटू ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही आणि काही पेट्रोल पंपांवरही मिळतो, लांबच्या प्रवासात हे फार सोयीचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी पाहिजे आणि तो कप्पा आतून पूर्ण सीलबंद. बॅटरी आणि सिलिंडर एका कप्प्यात कधीच नको. शक्य असेल तेव्हा स्वयंपाक मागचा फाळका पाडून त्यावर बाहेरच करा. थंडीत ऊब म्हणून शेगडी किंवा कोळसे आत ठेवून झोपणं म्हणजे मरण आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि एकट्या माणसाला उठवायला शेजारी कुणी नसतं. एक डिटेक्टर उशीजवळ लावाच.

पाण्याला मोठी टाकी नको. वीस लिटरचे दोन कॅन, हौद्याच्या तळाशी, मागच्या एक्सलच्या पुढं. वीस किलो एकट्याला उचलता येतात, नळावर नेता येतात, एक खराब निघाला तर दुसरा असतो. पिणं, स्वयंपाक, भांडी धरून एकट्याला तीन-चार दिवस जातात, सिंकला पायानं दाबायचा पंप लावला की थेंबाथेंबाचा हिशोब राहतो. आंघोळीला ढाबे आणि पंप आहेतच. संडासाला घट्ट झाकणाची बादली आणि सॉ मिलमधून पोतंभर लाकडाचा भुसा, अडीअडचणीला एवढं पुरतं, एकट्या बाईमाणसाला तर रात्री अनोळखी ठिकाणी बाहेर पडावं लागू नये म्हणून हे पाहिजेच.

झोपायची जागा लांबीला, डोकं पुढं केबिनकडं, पाय दाराकडं. दाराला आतून कडी पाहिजे आणि बाहेरून कुणी कुलूप किंवा कडी घातली तरी निघता आलं पाहिजे, त्यासाठी दारापासून लांब एक दुसरी वाट, बिछान्याच्या बाजूला खिडकी जी आतून ढकलून पूर्ण उघडते आणि तुमचे खांदे त्यातून जातात. खांदे जातात का हे शेडमध्येच करून बघा. आग विझवायचा सिलिंडर दाराजवळ, बिछान्यावरून हात पोचेल असा. मुक्काम करताना गाडीचं तोंड नेहमी रस्त्याकडं करून लावा, म्हणजे मागंपुढं न करता निघता येतं. पडदे जाड घ्या, सोलापुरी चादर कापून शिवली तर आतला उजेड बाहेर दिसत नाही आणि थंडीत तीच पांघरता येते.

गाडीची एकूण उंची टेपनं मोजून, पॅनलसकट, स्टिकरवर लिहून काचेवर चिकटवा. बोलेरो पिकअपवर हा डबा साडेनऊ फुटांच्या आसपास जातो, रेल्वेच्या जुन्या बोगद्याखाली आणि हाइट गेजजवळ, म्हणजे उंच गाड्या अडवायच्या आडव्या लोखंडी कमानीजवळ, तो आकडा डोळ्यासमोर असला पाहिजे.

सगळं झालं की लगेच हिमालय गाठायला निघू नका. आधी सामान भरून, पाणी भरून परत त्याच काट्यावर जा, दोन्ही वजनं घ्या आणि आधीच्या पावत्यांशी ताडून बघा. मग पहिली फेरी तुळजापूरची, ४५ किलोमीटर, वाटेत घाट आहे, चढाला इंजिन आणि उताराला ब्रेक दोन्ही कळतात, तिथून नळदुर्गला मुक्काम करून परत. दुसरी फेरी उजनीच्या बाजूला, पाण्याकाठी वारा असतो, डबा वाऱ्यात किती हलतो ते झोपल्यावर कळतं. तिसरी पावसात कोकणात, कुठून पाणी झिरपतंय ते तिथंच दिसणार. प्रत्येक फेरीनंतर चारी टर्नबकल, कमानपाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पान्यानं आवळा, नवीन डबा पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये बसतो आणि सगळं थोडं थोडं ढिलं होतं. टायरची हवा सकाळी गाडी गार असताना बघायची, कंपनीनं भरल्या वजनाला सांगितलेली तेवढी. दुपारी टायर तापल्यावर प्रेशर वाढलेलं दिसतं म्हणून हवा काढायची नाही, संध्याकाळी टायर गार झाला की ती कमी पडते.